चेंडू हातात आला की

सोमवारी इंग्रजी, मंगळवारी नेटबॉल,
बुधवारी बाहुल्याच्या छातीवर दाब,
गुरुवारी डंकनची पांढरी गाडी.
शुक्रवारी मी नुसती झोपते.

वय त्रेपन्न. यॉन फ्रेडी म्हणतो,
आई, तू परत शाळकरी झालीस.
त्याच्या खिशात शिकाऊ परवाना आहे, सोळाव्या वर्षीच,
म्हणून त्याला असं बोलता येतं.

इन्व्हरकार्गिल.
याच्या खाली एक बेट, मग पाणी, मग बर्फ.
वारा तिथून निघतो तो थेट आमच्या दोरीवरच्या कपड्यांत.
रस्त्यांना इथे नद्यांची नावं आहेत: टे, डी, एस्क.
नद्या मात्र स्कॉटलंडमध्येच राहिल्या.
हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

आत्रातो नदीवर मी होडी चालवायचे,
केळीचे घड, कोंबड्या, कधी अडलेली बाळंतीण.
होडीला ब्रेक नसतो.
मोटर बंद करायची
आणि नदीला पटेपर्यंत धीर धरायचा.

डंकन सांगतो, हळू, पायाखाली अंडं आहे असं समज.
मी अंडं फोडते.
त्याची टोपी उडून काचेवर आपटते.
चाळीस वर्षं मेंढ्या कातरून कंबरेत वाकलेला माणूस,
टोपी उचलतो, म्हणतो, पुन्हा.
त्याचा र जिभेवर गरगरतो, माझ्या आईच्या र सारखा.
ऑकलंडहून आलेल्या मिस प्रिसिलाचा र
ओठांपर्यंत येता येता विरून जातो.
मी ठरवलंय, इंग्रजी बोलायचं ते डंकनच्या र मधूनच,
मग व्याकरणाचं काय व्हायचं ते होवो.

रंगिमारी एकोणीस वर्षांची,
आम्हा बायकांवर शिट्टी फुंकून ओरडते:
चेंडू हातात आला की पळायचं नाही!
हुदा माझ्याकडे बघते, मी हुदाकडे.
ती हलबची, मी किब्दोची,
हाताला लागलं ते उचलून पळत सुटलेल्या दोघी.
आता पाय रोवायचे.
तीन सेकंद.
आणि चेंडू दुसरीला देऊन टाकायचा.

बाहुल्याला पाय नाहीत. नावही नव्हतं.
मी एक दिलंय, मनातल्या मनात.
आधी खांदा हलवा, सिना नर्स सांगते,
मोठ्याने विचारा, तुम्हाला ऐकू येतंय का?
मग तीस दाब, मग दोन श्वास.
मी तीसवर थांबत नाही.
सिना माझं मनगट धरते, काही विचारत नाही.

काल विंटनच्या रस्त्यावर
वळणापलीकडून मेंढ्या आल्या.
मी ब्रेक दाबला. अंडं शाबूत.
डंकनचं लक्षच नव्हतं.
मेंढ्या संपेनात, गाडीला अंग घासत,
आरशात बघत, खोकत,
जणू आम्हीच त्यांच्या घरात शिरलो होतो.
पंधरा मिनिटं. इंजिन बंद.
मी वळून पाहिलं
तर डंकनची मान छातीवर पडलेली,
तोंड उघडं.

खांदा हलवला.
आणि माझ्या तोंडून इंग्रजीतलं ते अख्खं वाक्य
एकही शब्द न अडखळता बाहेर पडलं,
इतक्या जोरात की चार मेंढ्या उधळल्या.

त्याने एक डोळा उघडला.
ऐकू येतंय की बाई, म्हणाला,
विंटनपर्यंत ऐकू गेलं असेल.
गेल्या का त्या?

माझे तळहात एकावर एक,
बोटं गुंतलेली, हवेतच.
ते खाली घ्यायला मला थोडा वेळ लागला.

एक राहिलीय, मी म्हटलं.
लंगडत होती, घाई नव्हती तिला.
आम्ही थांबलो.