शून्य ओळी बदलल्या

उत्स्योकीत, तेनो नदीच्या काठी,
रेनडिअर मंडळाच्या ऑफिसात
हीटरपाशी एक जुना संगणक आहे,
त्यात माझ्याहून चारच वर्षांनी लहान
एक सी प्रोग्रॅम.
तो वाचत नाही. वाचायला दुसरे आहेत.
तो फक्त लिहितो:
कुणाच्या कळपात किती पिलं,
कोणत्या कानाला कोणती खूण,
कोण रस्त्यावर ट्रकखाली आलं.
घाल, बदल, पुसून टाक,
तीन क्रियापदांवर त्याचा संसार.

एकदा मी 'बदल' लिहिलं आणि 'जिथे' विसरले.
त्यानं एका दमात सगळा मुलूख
नील्लाशच्या नावावर केला.
दोन हजार तीनशे एक्केचाळीस ओळी बदलल्या, म्हणाला,
कुत्र्यानं मेलेला पक्षी आणून
पायाशी ठेवावा तसा.
व्यवहार अजून पक्का केला नव्हता, म्हणून वाचले.
एक शब्द, आणि जनावरं आपापल्या घरी.
नील्लाश काउंटरशीच उभा होता, टोपीवरचा बर्फ झटकत.
"किती वेळ श्रीमंत होतो ग मी?"
"चाळीस सेकंद."
"मग सांगायचंस ना. दुसरं लग्न जमवलं असतं."

त्याच्या चाकूला 'मागे घे' ठाऊक नव्हतं.
जूनअखेरीच्या न मावळणाऱ्या उजेडात
पिलांच्या गळ्यात आकड्यांच्या पाट्या,
कोणतं कुठल्या आईमागे जातं
ते कुंपणाला रेलून रात्रभर बघायचं,
मग पिलू गुडघ्याखाली, कान मुठीत,
डाव्याला दोन काप, उजव्याचं टोक तिरपं.
चुकलास तर ते जनावर
तुझी चूक कानात घेऊन
जन्मभर डोंगरात चरणार.

मार्चमध्ये तो गेला.
खूण नातीला, मारेतला.
कान तेच, काप तेच,
मालकाच्या रकान्यात फक्त नवं नाव.
ती माझ्या खुर्चीमागे उभी, हातमोजे पिळत.
या वेळी 'जिथे' मी तीनदा तपासलं.
चालवलं.
ठीक, म्हणाला प्रोग्रॅम.
सीमध्ये ठीक म्हणजे शून्य.
आणि खाली, किती ओळी बदलल्या?
शून्य.
एक शून्य म्हणतं, चूक नाही.
दुसरं म्हणतं, असा माणूसच नाही.

मारेत वाकून पडद्याकडे बघत होती.
"आजोबा नाहीतच?"

जुन्या फायली उचकल्या तेव्हा कळलं.
नील्लाशच्या शेवटच्या अक्षराला
आमच्या लिपीत डोक्यावर
दोन इवली शिंगं असतात, वर्षाच्या पिलासारखी.
ज्या साली त्याला पहिल्यांदा यंत्रात घातलं,
ते यंत्र दक्षिणेतून आलेलं.
त्याला शिंगं माहीत नव्हती.
त्यानं अक्षरच उडवून प्रश्नचिन्ह ठेवलं.
तीस वर्षं हा माणूस सरकारदरबारी
नील्ला-आणि-प्रश्नचिन्ह.
प्रत्येक पावतीवर बघितलं असणार त्यानं,
बोलला कधी नाही.
मी पुढे यंत्र बदललं, अक्षरं बदलली,
जुन्या ओळींकडे मात्र बघितलंच नाही.

तर शेवटी चुकीच्या नावानंच हाक मारली.
लगेच आला.
शहाऐंशी ओळी.
आता फक्त 'पक्कं' म्हणायचं राहिलं होतं
आणि बोट तिथेच अडलं.
माझ्याही आज्ञांमध्ये प्रश्नचिन्हं असतात.
तिथे ती कुणाला काही विचारत नाहीत,
जागा धरून बसतात,
पाहुण्यासाठी ताट मांडून ठेवावं तशी.

"तुझ्या नावात नाहीत ना शिंगं?" मी विचारलं.
"नाहीत," मारेत म्हणाली. मग जरा वेळानं,
"पण आधी त्यांची लाव."

सगळं मागे घेतलं.
पहिल्या आज्ञेत त्याचं नाव, शिंगांसकट:
शहाऐंशी.
दुसरीत मारेतचं:
शहाऐंशी.
दोन्हींच्या मध्ये
मारेत काही बोलत नव्हती, मीही टाइप करत नव्हते,
हीटर टकटक करत होता,
कळप त्याच्या खऱ्या नावावर उभा होता.
किती सेकंद, ते या वेळी
मी मोजले नाहीत.