जर्मनची वाटी

पाणी चार दिवसांआड यायचं
आणि आई पहिली वाटी पियानोला द्यायची.
मग पिंप, मग घागरी, मग आम्ही.
खालच्या फळीमागे, पेडलशेजारी,
चेमटलेली जर्मनची वाटी.
उन्हाळ्यात लाकूड तडकतं, एवढंच सांगून
मिशनच्या मॅडम बोटीनं गेल्या होत्या
पियानो आमच्या गळ्यात घालून.
यल्लव्वा दारातून विचारायची,
काय गं, तुमची ही म्हैस दूध कधी देणार?

भिंतीपलीकडे येमूलांचे चार माग,
रात्रपाळीला खटक-फटक, खटक-फटक.
मी त्यांच्यावरच हात बसवला.
मेट्रोनोम पाहिला तो थेट व्हिएन्नात,
जरा नाजूकच वाटला.
परीक्षक म्हणाले, डावा हात विलक्षण सम आहे,
गुरू कोण?
चादरीचे माग, हे जर्मनमध्ये
मला धड सांगता आलं नाही.

अकरा वर्षं. लहान गावं, लहान हॉल,
खुंटीवर ओले कोट.
बाहेर बर्फ, आत वाफ,
वाद्यं सगळी पाणी पिऊन तृप्त.
वाजवण्याआधी मी वाकून खाली बघायचे.
लोकांना वाटायचं, नमस्काराची पद्धत असेल त्यांच्यात.

आई गेली ती पाण्याच्या आदल्या दिवशी.
येमूलकाकू फोनवर म्हणाल्या,
घरात थेंब नव्हता बाई,
ओठाला लावायला त्या पेटीतलंच घेतलं.
त्या संध्याकाळी मी वाजवलं.
चांगलं वाजवलं.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

पुढे लिंत्समध्ये, मध्यंतरानंतर,
उजवी अनामिका आत वळली ती वळलीच.
डॉक्टर म्हणाले, हाड ठीक, नस ठीक,
मेंदू विसरलाय.

आता मंगळवारी, शुक्रवारी तीन पोरं येतात.
माग भंगारात गेले. येमूलांचा दत्तू
मोटारी दुरुस्त करतो; हातोड्यांचा बुरणूस झडला
तेव्हा त्यानंच घोंगडी कातरून चिकटवली.
कान लावून म्हणाला,
ठोका बसतोय की मॅडम, पण उठंना झालाय.
पट्टीबद्दल म्हणाला का बोटाबद्दल,
मी विचारलं नाही.

त्याची धाकटी, श्रीवल्ली, लय सोडून पळते.
मी मांडीवर थाप देते, खटक-फटक,
चार बोटांनी.
ती विचारते, हे कशाचं गाणं?

उद्या पाणी आहे.
पहाटे साडेतीनला, म्हणतात.