दाखल क्रमांक १४३०७

दाखल-वहीत रकाने आठ :
लेखक, शीर्षक, प्रकाशक, आवृत्ती,
पृष्ठे, बांधणी, किंमत, शेरा.
सूक्ष्मदर्शक आला त्या दुपारी
मी पेनाचं टोपण काढून कितीतरी वेळ बसले होते.
लेखक कोण लिहू? भिंग घासणारा?
पृष्ठांपुढे नुसती रेघ ओढली.
बांधणी : लोखंडी.
शेऱ्यात, ऑडिटवाल्यांसाठी :
पुस्तकाप्रमाणेच घरी देणे. मुदत सात दिवस.

कमिटीत खडाजंगी.
खासगीवाले म्हणाले, उद्या कढईसुद्धा द्याल.
मागितली तर बघू,
असं मी मनात म्हटलं.
मोठ्याने एवढंच, की विज्ञानाच्या कपाटाची किल्ली
तीन वर्षांत दोनदा फिरलीय,
दोन्ही वेळा वाळवीच्या औषधासाठी.

रावपुऱ्यात, खाली लिल्या चिवड्याचं दुकान
आणि जिना चढून आम्ही.
पहिल्या शनिवारी नगरपालिकेच्या शाळेतली एकवीस मुलं आली,
तेलाच्या वासात, हात पाठीमागे बांधून.
रमणकाकांनी टॉनिकच्या बाटलीत
विश्वामित्रीचं पाणी आणलं होतं.

या मुलांनी मगर पाहिलेली आहे.
पुराच्या वर्षी ती त्यांच्या गल्लीत येऊन
पाणपोईच्या ओट्याला टेकून पडली होती,
थकलेल्या पाहुण्यासारखी.
तेव्हा नदीत काय असतं
हे आम्हाला कोण शिकवणार, असे चेहरे.

मग एकेकाने एक डोळा मिटला.

‘शांतता राखा’ ही पाटी
माझ्याआधीपासून त्या भिंतीवर आहे.
तिचं कुणी ऐकलेलं
मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

किंजल मोहिते, सातवी ब.
वडिलांचं पंक्चरचं दुकान, दांडिया बाजारच्या वळणावर.
घरी मराठी, शाळेत गुजराती,
भांडताना दोन्ही.
तिने कार्डावर यंत्र नेलं, रेक्झिनच्या पिशवीत, पोटाशी धरून,
आणि सोबत एक पुस्तक,
आजवर कुणीच न नेलेलं,
पानं बिस्किटाच्या रंगाची.

सातव्या दिवशी आली नाही.
आठव्या दिवशी खासगीवाले आले,
सहज, म्हणाले.
नवव्या दिवशी मी दुपारचा चहा विसरले.
दहाव्या दिवशी ती, दंडाची नाणी मुठीत.
उशीर का गं?
तर पाणी संपल्यावर मीठ पाहिलं,
मिठानंतर मुंगीचा पाय,
मग वडिलांच्या नखाखालचं काळं,
आणि ते काही लवकर संपेना.

यंत्र तपासलं. भिंग स्वच्छ.
पुस्तक चाळलं,
आणि एकोणचाळिसाव्या पानावर
समासात पेन्सिल.

नियम अकरा : पुस्तकावर लिहू नये.
सत्तावीस वर्षं मी खोडत आले आहे
बदाम, बेरजा, हेडमास्तरांना शिव्या.
खणातून खोडरबर काढला.
चित्रात एक जीव होता, चपलेच्या आकाराचा,
चहूबाजूंनी बाण रोवून
नावांनी खिळून ठेवलेला.
शेजारी तिचं अक्षर :
शब्द मराठी, लिपी गुजराती,
डोक्यावर रेघ नाही,
जणू छप्पर न घालताच राहायला आलेली वाक्यं.

‘इथे थांबलाय.
खरा थांबत नाही.
मी चार वेळा पाहिलं.’

त्या पुस्तकाच्या लेखकाला
इतक्या वर्षांत आलेलं
हे बहुधा पहिलंच पत्र.

खोडरबर खणात परत टाकला.
नियम अकरा आहे तिथेच आहे,
फ्रेममध्ये, काचेखाली.
दंड मात्र घेतला, पावतीसुद्धा फाडली;
तिनेच मागितली.

पुढचा कोण?
तन्वीर शेख, बाटली घेऊन उभा, झाकणावर अंगठा दाबून.
कसलं पाणी रे?
कूलरचं, बेन. मागच्या उन्हाळ्यातलं.
आई ओतून देत होती.

मी तारखेचा शिक्का शाईवर टेकवला.