मेणाच्या वड्या

पाटीवर 'मेल्ट्स' लिहिलंय, शीलाच्या अक्षरात.
मी त्यांना वड्याच म्हणते.
साच्यात ओतताना हात वड्यांचाच चालतो,
आणि कडेनं सुरी फिरवायची खोड
ग्रिम्सबीत अकरा वर्षं काढूनही गेली नाही.

आधी नुसतं सोया आणलं.
गुणाचं, गरीब, चुलीवर ठेवताच मान टाकणारं.
पण वडी काढायला जावं तर बोटाला चिकटून बसते,
लाडावलेलं पोर कडेवरून उतरत नाही तशी.
आणि आठवड्यात वर पांढरी झाक,
जुन्या चॉकलेटवर धरते तसली.

मग मधमाशीचं मेण.
मानी. घरात स्वतःचाच वास ठेवणार,
पाहुण्याला उंबऱ्यावरून परत पाठवणार.
शंभरात पाच ग्रॅम पुरे,
तेही मोडताना कट्कन आवाज यावा म्हणून.

नारळाचं आलं तेव्हा, खरं सांगते,
पाकीट फोडून आधी केसांना लावावंसं वाटलं.
इथला उन्हाळा चार दिवसांचा,
तेवढ्यातही ते पाघळून बसलं.

उरलं पॅराफिन.
त्याचं नाव शीला हळू आवाजात घेते,
लग्नघरात पिणाऱ्या काकाचं घ्यावं तसं.
"मग डब्यावर नैसर्गिक लिहिता येणार नाही हं."
नाही तर नाही. वास फेकावा तर त्यानंच,
खाली दिवा लावला की पाच मिनिटांत जिना चढतो.

वहीत आता असं आहे:
साठ सोया, पस्तीस पॅराफिन, पाच मधमाशी.
ऐंशी अंशांवर अत्तर, आठ टक्के,
दोन मिनिटं ढवळायचं, फेटायचं नाही.
मग मुरांब्यासारखं पंधरा दिवस झाकून विसरायचं.
(विसरत नाही. रोज झाकण उघडून हुंगते.)

खपतात लॅव्हेंडर, रूबार्ब, धुतलेली चादर.
माझ्याही घरात तीच जळते.
आठ तास कॉडचे काटे काढून आले
की अच्युत म्हणतो, कुठे काय, काही येत नाही.
बिचारा खोटं बोलतो,
खिडकी उघडता उघडता.

गेल्या महिन्यात नॉर्मन आला.
ऐंशीच्या पुढचा, डाव्या हाताला साडेतीन बोटं.
सगळ्या डब्या हुंगून म्हणाला, "गोदीची नाही?"
मला वाटलं, थट्टा.
"दोरखंड, डांबर, डिझेल, बर्फ," तो म्हणाला,
"पहाटे तीनला यायचा तो."

बर्चचं डांबर मिळालं, समुद्रशेवाळाचं अत्तर मिळालं.
मीठ घालून पाहिलं. मेणात मीठ विरघळत नाही,
तळाशी वाळूसारखं बसून राहतं.
सोया हे ओझं पेलेना. मधमाशी तर रुसलीच.
शेवटी निव्वळ पॅराफिन घेतलं,
म्हटलं, तूही समुद्राच्या पोटातून आलेलं असशील,
तुला तरी काही आठवत असेल.

तीन घाण फुकट गेले. चौथा घेऊन शनिवारी बसले.
शीलानं नाकाला रुमाल लावला.

नॉर्मननं वडी नाकाशी धरली, डोळे मिटले,
बराच वेळ धरली.
"कोळशाचं गोदाम," म्हणाला. "बरं आहे. पण ते नव्हे."
तरी दोन घेतल्या. भिडेखातर असणार.

सुटे पैसे द्यायला मी हात पुढे केला
तर घेता घेता तो थांबला,
माझ्या बाहीशी थोडा वाकला.
कामावरून परस्पर आले होते, कोट तोच.

"हां," एवढंच म्हणाला.

मी बाही मागे घेतली नाही.
लॅव्हेंडरचा ट्रे तेवढा
दुसऱ्या हातानं जरा लांब सारला.