शिफ्ट

कुट्टी सर म्हणाले, बर्फावरच्या हॉकीत
शिफ्ट पंचेचाळीस सेकंदांची असते.
मला हसू आलं.
माझी बारा तासांची.
रात्री आठला शिरतो दिवाळे जेट्टीमागच्या कारखान्यात,
सकाळी बाहेर पडतो तेव्हा शर्टाला अमोनियाचा वास
आणि बोटं अजून आकडा धरल्यासारखी वाकलेली.

भाविका हसली नाही.
म्हणाली, बाबा, तेवढ्यात सगळं देऊन टाकायचं.
मग बाकावर बसून श्वास गोळा करायचा,
आणि पुन्हा कठड्यावरून उडी.

म्हणून रविवारी मी सीवूड्सच्या पुलाखाली
मोबाईलमधलं घड्याळ लावून उभा असतो.
चाकांच्या स्केट्सवर ती,
गुडघे वाकवून, कंबर खाली, नजर वर,
या खांबापासून त्या खांबापर्यंत.
थांब म्हणायचं माझ्याकडे.
एकदा दोन सेकंद आधीच म्हणालो,
तिचा चेहरा बघवला नाही म्हणून.
तिला कळलं.
पाणी न पिता पुन्हा पहिल्या खांबाशी जाऊन उभी राहिली.

फ्रिजवर आहाराचा कागद आहे, सरांच्या ओळखीच्या बाईंनी दिलेला.
हिने चष्मा लावून वाचला.
सालमन म्हंजे आपला रावसच ना?
रोज रावस खायाला आपण काय शेठ हाव?
पेन्सिलीने खोडून लिहिलं: मांदेली.
ओट्सवर नाचणीची आंबील.
व्हे म्हणजे काय, ते मी सांगितलं,
फाटलेल्या दुधाचं पाणी, वाळवून डब्यात भरलेलं,
डबा साडेतीन हजारांचा.
ही कितीतरी वेळ मोरीकडेच बघत राहिली,
जिथे इतकी वर्षं ते पाणी ओतलं.
मग लिहिलं: वाल. अंडी चार. जवळा मूठभर, भाजून.
ब्रोकोलीपाशी मात्र अडली.
ती ओळ अजून तशीच आहे.

चार किलो वाढली पोर, सगळी मांड्यांत.
उसवून घेतली जीन्स, पुन्हा उसवली.
हळदीकुंकवाला कुणीतरी म्हणालं,
पोरीचे पाय बाप्यासारखे झालं, उद्या कोण करील?
ही म्हणाली,
चाळीस किलोची पाटी डोईवर घेऊन बेलापूरभर फिरले मी,
तवा माझं पाय कुणी मोजलं नाय.
आणि ताटातला तिळाचा लाडू
पोरीसाठी पदरात बांधून आणला.

गच्चीत सनमायकाचा एक तुकडा आहे, सुताराने टाकलेला.
त्यावर साबणाची पूड, बुटांवर माझे जुने मोजे,
आणि ती डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे,
खालच्या मजल्यावरचे ओरडेपर्यंत.

खरा बर्फ तिने अजून पाहिलेला नाही.
म्हणजे पाहिलाय, माझा.
पापलेटाच्या पोटावर घातलेला, गटारात वाहून जाणारा.
जानेवारीत लेहला शिबिर.
तिथे म्हणे तळंच गोठतं.
मी विचारलं, मोटर कोण चालवतं?
कुणीच नाही, बाबा. थंडी.
मला ते अजून नीट पटलेलं नाही.

जायच्या आदल्या रात्री कारखान्यात आली, अकराच्या सुमारास.
मी डबा उपसून एक लादी काढली,
कडेला काचेसारखी, पोटात पांढरी, धुकट.
तिने तळवा टेकवला आणि पुटपुटत मोजायला लागली.
वीसला ओठ आवळले.
तिसाला मी घड्याळ काढलं होतं, ते खिशात ठेवलं.
पंचेचाळीसला हात उचलला, लाललाल.
लादीवर पाच बोटांचा उथळ खळगा.

मग गोणपाटावर बसून रताळं खाल्लं, सालीसकट.
मेहनतीनंतर अर्ध्या तासात खायचं असतं, म्हणाली.
कसली मेहनत, मी म्हणालो.
तोंड भरलेलं होतं, तिने नुसती मान हलवली.

फळीवरून मी लादी सोडली.
ती कशी गेली, कुठे वळली, कुठे अडखळली,
हे भाविका वाकून बघत होती,
मी इतक्या वर्षांत कधी बघितलं नाही तसं.

साडेपाचला पनवेलहून गाडी. जा, झोप, म्हणालो.
रिकामा डबा भरून मिठाच्या पाण्यात सोडला.
माझी शिफ्ट अजून नऊ तास होती.