फॉर्म पाच

लावण्या, तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, फोटोच,
फिनलंडच्या पोलिसांनी पाठवलेल्या कागदाचा.
अक्षर एक कळलं नाही, आकडा तेवढा कळला.
खाली तू लिहिलंस: "सर, बघा की ओ,
इथं पगार विचारून दंड लावतात!"

मी चष्मा पुसून परत बघितला.
मर्यादा साठ, तू शहाऐंशी.
तू?
आसरा चौकात तिसरा टाकताना
डोळे मिटून घेणारी तू?

तुझे वडील मागावर होते तेव्हा
चादरीत एक धागा चुकला की
शुक्रवारच्या बटवड्यातून वीस रुपये कापले जायचे.
नव्या पोराचे वीस,
तीन पोरींच्या बापाचेही वीस.
त्यांना सांग, जगात असाही एक देश आहे
जो आधी खिसा चाचपतो, मग चूक मोजतो.
ते हसतील. नाहीतर विचारतील,
मग मालकाचे किती कापतात?

मी रिकामाच आहे. गाडी मार्चमध्ये विकली,
ती पांढरी, जिला माझ्या बाजूलाही ब्रेक होता.
दुपारी चव्वेचाळीस डिग्री, बाहेर कुत्रं नाही.
बसलो नातवाकडून एकेक देश काढून घेत.
जर्मनीत काही रस्त्यांवर म्हणे मर्यादाच नाही.
आपल्याकडेही नाही,
आपल्याकडे फक्त पाटी असते.
इंग्लंडात थोडंच जास्त पळवलं
तर दंडाऐवजी वर्गात बसवतात, पुन्हा शिकवतात.
हे मला फार आवडलं, मी दोनदा वाचायला लावलं.
इथं एकवीस दिवसांचे पैसे भरून
लोक आठव्या दिवशी विचारायचे,
सर, लायसन कधी?

मग जपान आलं.
तिथं चालवणारा प्यायलेला असला
तर शेजारी बसलेल्यालाही शिक्षा होऊ शकते.
का, तर तुला दिसत होतं.
नातू पुढचा देश काढत होता. म्हटलं, थांब जरा.

बत्तीस वर्षं मी शेजारीच बसलो, लावण्या.

तुला गुरुसिद्ध आठवतो? बिराजदारांचा,
तुझ्याच बॅचचा, सकाळी साडेसहाचा.
आठ दिवस आला. हात चांगला होता,
कान नव्हते.
फॉर्म पाचवर मी सही केली,
'प्रशिक्षण समाधानकारकरीत्या पूर्ण',
एकविसाव्या दिवसाची तारीख टाकून.
त्या दिवशी त्याच्या बापानं पेढेसुद्धा आणले होते.

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीची पाळी सुटताना,
सायकलवर मागं डबा बांधलेली एक बाई.
पेपरात नाव चुकीचं छापलं होतं,
मी घर शोधत गेलो आणि बरोबर विचारून आलो.
नागमणी. नागिणी नाही.
एवढंच विचारलं. मी कोण ते सांगितलं नाही.
त्यांनी पाणी दिलं, मी प्यायलो.

कोर्टानं त्याला बोलावलं,
गाडी आवारात उभी केली,
टायरच्या खुणासुद्धा फूटपट्टीनं मोजल्या.
मला कुणी बोलावलं नाही.
माझी सही त्या फायलीत कुठंतरी
सरळ, स्वच्छ, निळ्या शाईत बसली असेल.

अजून टीव्हीवर रस्ता दिसला
की माझा उजवा पाय जमिनीत रुततो.
ही म्हणते, फरशी थांबलेलीच आहे ओ.

तर तू दंड भर, मुदतीत भर, रडू नकोस.
पगार बरा आहे म्हणून दंड मोठा,
असं समज आणि आईला आकडा सांगू नकोस.
आणि जमलं तर माझं एक काम कर.
तिथल्या एखाद्या खिडकीवर सहज विचारून बघ,
सहीला काही दंड असतो का,
आणि असला तर तो कशावर मोजतात.
मिळकतीवर मोजत असतील
तर माझा फार थोडा निघेल.