रुमाल

मार्केट यार्डात, मगदूमांच्या अडतीवर
सौदापट्टीचा प्रोग्राम बसवतोय.
'वजन' दाबलं की छोटी खिडकी उघडते;
मोठीनं तोवर थांबायचं.
थांबतच नाही.
आकडा भरायच्या आत पावती छापून मोकळी:
राजापुरी, शून्य क्विंटल.

मगदूम हसले नाहीत. भुवयांवर हळद.
म्हणाले, "पूर्वी असं असायचं,"
आणि माझा हात रुमालाखाली ओढून
तीन बोटं दाबली, मग अर्धं पेर.
दाराशी हमाल
पोतं पाठीवर घेऊन तसाच उभा.
"रुमाल निघाल्याबिगर
कुणी हलायचं न्हाई."

संध्याकाळी एकच शब्द बदलला.
आता मोठी खिडकी करडी होऊन
वाट बघते, पाठीवर पोतं असल्यासारखी.

सौदा मोडला तर काय,
ते अजून लिहायचंय.